हिंसाचार हाही आरोग्याचा प्रश्न

(अभ्यासपाठ : प्रौढांच्या वर्गासाठी, महिला मंडळासाठी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी)

वाचनभाग : अनुवाद २१:१-९, अनुवाद २२:८, लूक १०:२५-३७

पाठाचा हेतू : मारहाण, खून, अत्याचार यांची कारणे रोगाच्या कारणांप्रमाणे शोधता येतात, आणि कारण कळले म्हणजे पुष्कळशी हिंसा घडण्यापूर्वीच टाळता येते, हे समजून घेणे.

प्रास्ताविक

मारहाणीची किंवा खुनाची बातमी वाचली म्हणजे आपल्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे कोणी केले? आणि त्याला कोणती शिक्षा होणार? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पोलीस आणि न्यायालये त्यांसाठीच आहेत. परंतु तिसराही एक प्रश्न आहे व तो आपण क्वचितच विचारतो : हे टाळता आले असते काय?

वाचनासाठी दिलेल्या उताऱ्यांपैकी अनुवादातील दोन उतारे या तिसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहेत. बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कोणी पडेपर्यंत नियमशास्त्र थांबत नाही, ते अगोदरच उपाय सांगते. एकविसाव्या अध्यायातील प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. शेतात एक प्रेत सापडले आहे आणि मारणारा कोण हे ठाऊक नाही. अशा वेळी वडिलांनी व न्यायाधीशांनी त्या ठिकाणी जावे, आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि जे नगर सर्वांत जवळ असेल त्याच्या वडिलांनी पुढे येऊन या रक्ताबद्दल उत्तर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. खुनी सापडला नाही म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, असे ते शास्त्र मानत नाही.

मोजमाप आणि कठडा हे दोन शब्द वर्गाने लक्षात ठेवावेत. सार्वजनिक आरोग्याचे सारे काम या दोन शब्दांत सामावते. प्रथम मोजायचे, मग कठडा बांधायचा.

१. रोगाचा शोध कसा लागतो?

डॉक्टर एका रोग्याला तपासतो. सार्वजनिक आरोग्याचे काम करणारा सबंध गावाला तपासतो. रोग कोणाला होतो व कोणाला होत नाही, कोणत्या वाड्यात होतो, कोणत्या ऋतूत होतो, हे तो वहीत लिहितो व त्यातून कारणाकडे जातो.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. ती घरे एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. पंपाचा दांडा काढण्यात आला. त्या वेळी कॉलऱ्याचा जंतू सर्वमान्य झालेला नव्हता, तरी पाण्यातून रोग पसरतो हे मोजणीने दाखवून दिले.

आपल्याकडचे उदाहरण प्लेगचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे पुण्याला पोचला. रोग कशाने पसरतो हे कोणालाच नीट माहीत नव्हते. सरकारने घरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसांना छावण्यांत नेले, सामान जाळले. लोकांचा संताप झाला आणि १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबांचा वध झाला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच वारल्या. उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरवते असे १८९८ साली डॉ. सिमाँ यांनी दाखविले, तेव्हा कोठे उपाय कशावर करायचा हे कळू लागले. कारण न समजता केलेली कडक उपाययोजना माणसाला छळते आणि रोगाला हात लावीत नाही, हा त्या काळाचा धडा आहे.

आज हिंसेच्या बाबतीत आपली अवस्था पुष्कळदा तशीच असते. कोणी म्हणतो, काळच वाईट आला. कोणी बाहेरून आलेल्या मजुरांना दोष देतो, कोणी सिनेमाला, तर कोणी दारूला. हे सारे अंदाज आहेत. यांपैकी कोणता खरा, हे मोजल्यावाचून कळणार नाही.

२. जगाने हा विचार केव्हा स्वीकारला?

१९८५ साली अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. सी. एव्हरेट कूप यांनी हिंसा आणि सार्वजनिक आरोग्य या विषयावर एक परिषद बोलावली. कूप हे मूळचे लहान मुलांचे शस्त्रवैद्य. हिंसा हा केवळ पोलिसांचा विषय नसून डॉक्टर, परिचारिका व शिक्षक यांचाही आहे, असे त्यांचे सांगणे होते. १९९६ साली जागतिक आरोग्य परिषदेने हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचा ठराव केला. त्यानंतर २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिंसा आणि आरोग्य यांविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दिलेल्या अंदाजाप्रमाणे २००० या एका वर्षात जगात सुमारे १६ लाख माणसे हिंसेने मेली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वतःचाच जीव घेतला होता, सुमारे एकतृतीयांश माणसांचे खून झाले होते, आणि युद्धात मेलेले सुमारे एकपंचमांश होते.

या अहवालात कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत :

(अ) किती हिंसा होते, कोठे, केव्हा व कोणावर, हे मोजणे.
(आ) ती का होते, कशाने वाढते व कशाने कमी होते, हे शोधणे.
(इ) उपाय योजून त्याचा खरोखर उपयोग होतो काय, हे तपासणे.
(ई) जो उपाय उपयोगी ठरेल तो सर्वत्र नेणे.

यांतील तिसरी पायरी आपण सर्वांत जास्त विसरतो. उपाय चांगल्या हेतूने केला म्हणजे तो उपयोगी ठरलाच, असे नाही.

३. मोजणे एवढे कठीण का?

पोलिसांच्या नोंदीवरून हिंसेचे प्रमाण समजत नाही, कारण पुष्कळ घटना पोलिसांपर्यंत जातच नाहीत. ब्रिटनमधील कार्डिफ येथे जबड्याचे व चेहऱ्याचे शस्त्रवैद्य जोनाथन शेफर्ड यांच्या हे लक्षात आले. मारामारीत जबडा मोडून किंवा तोंडावर काचेचा पेला लागून आलेल्या कितीतरी रोग्यांची नोंद पोलिसांकडे नव्हती. म्हणून रुग्णालयात आलेल्याला कोठे मार लागला, किती वाजता व कशाने, एवढेच विचारून, नाव न देता ती माहिती नगरपालिका व पोलीस यांना देण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. कोणत्या रस्त्यावर व कोणत्या दारूच्या दुकानापाशी लक्ष द्यायचे हे त्यावरून ठरू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले.

आता आपल्या भागाकडे वळू. म्हापशाला पेडे येथे उत्तर गोव्याचे जिल्हा रुग्णालय आहे. पेडणे, डिचोली आणि बार्देशातील खेड्यांतून माणसे तेथे येतात. दंडाला सूज आलेली, डोळ्याखाली काळे पडलेली एखादी स्त्री आली, तर तिच्यासोबत बहुधा नवरा असतो किंवा सासू. डॉक्टर विचारतो, काय झाले? ती सांगते, न्हाणीत पाय घसरला. कागदावर पडल्याची नोंद होते. डॉक्टरने खोटे लिहिले असे नव्हे. जे सांगितले ते त्याने लिहिले. पण वर्षाअखेर त्या कागदांची बेरीज केली म्हणजे त्या गावी न्हाणीतच काहीतरी दोष असावा असे वाटेल, आणि मारणारा हात बेरजेत कोठेही दिसणार नाही.

हे मौन किती मोठे आहे, हे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून कळते. देशात लग्न झालेल्या सुमारे दहांपैकी तीन स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. गोव्याचे प्रमाण याहून बरेच कमी आहे. परंतु हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात केवळ १४ टक्के होत्या, आणि ७७ टक्के स्त्रियांनी कधी मदत मागितली नव्हती व कोणाला सांगितलेही नव्हते. चारांपैकी तिघींनी तोंड उघडले नाही, असा याचा अर्थ. आपल्या मंडळीतही चार चार स्त्रिया एका बाकावर बसतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

म्हणून घराघरांत जाऊन विचारणे हाच मार्ग उरतो. परंतु विचारण्यानेच एखादीचा जीव धोक्यात येऊ शकतो. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने संशोधकांना कडक नियम घालून दिले आहेत. एका घरातील एकाच स्त्रीला विचारावे. ती एकटी असतानाच विचारावे. कोणी आत आले तर लगेच दुसरा विषय काढावा. पाहणी हिंसेविषयी आहे असा गाजावाजा गावात करू नये. विचारणारीला त्याचे शिक्षण दिलेले असावे. आणि मदत मागितली तर कोठे पाठवायचे, हे अगोदर ठरवून ठेवावे. माहिती मिळविण्यापेक्षा माहिती देणारीची सुरक्षितता मोठी, हे या सर्व नियमांचे सार आहे.

४. हळदोण्याच्या पाहणीतून काय कळले?

म्हापशाजवळच हळदोणे गाव आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात स्त्रियांच्या आरोग्याची एक मोठी पाहणी झाली. तिचे नाव ‘स्त्री आरोग्य शोध’. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी ती केली. डॉ. पटेल हे १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असून, या संस्थेचे काम पर्वरी येथून चालते.

१८ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रिया चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा निवडण्यात आल्या. २,४९४ स्त्रियांची माहिती घेण्यात आली आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६.६ टक्के स्त्रियांना उदासीनता किंवा चिंतेचा आजार होता. हा आजार कोणाला अधिक होता? नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती होत असलेल्या स्त्रियांना. विधवा व विभक्त स्त्रियांना. घरातील निर्णयात जिला विचारले जात नाही तिला. जिला माहेरसासरचा आधार नाही तिला. जिच्या घरी उपासमारीची वेळ येते तिला.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अंगावरून पांढरे जाणे यासारख्या तक्रारी या स्त्रियांत अधिक होत्या. परंतु रक्त व इतर तपासण्या केल्या तेव्हा रक्तक्षयाशी किंवा जंतुसंसर्गाशी या मानसिक आजाराचा संबंध दिसला नाही. म्हणजे एखादी स्त्री पुनःपुन्हा दवाखान्यात जाते, ताकदीच्या गोळ्या आणते व बरी होत नाही, तेव्हा तिच्या घरी काय चालले आहे हे विचारण्याची गरज असते. याच पाहणीतील स्त्रियांविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांत, नवऱ्याची हिंसा आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा निकटचा संबंध असल्याचे दाखविले आहे.

यावरून हिंसेला आरोग्याचा प्रश्न का म्हणतात हे स्पष्ट होईल. मार बसला त्या दिवशीची जखम भरून येते, पण मारामुळे आलेला आजार वर्षानुवर्षे राहतो, तो दुसऱ्याच नावाने दवाखान्यात जातो, आणि कधी कधी जीव घेतो.

५. दारू सोडविली म्हणजे मार थांबेल काय?

कोणत्याही महिला मंडळात हा विषय निघाला की पहिले उत्तर येते, दारू. गोव्यात दारू स्वस्त व सहज मिळणारी आहे. दारू व मारहाण यांचा संबंध जगभर दिसून आला आहे, हेही खरे. मग दारू कमी केली तर मार किती कमी होतो? या प्रश्नाला गोव्यातच तपासून मिळालेले उत्तर आहे, व ते आपल्या अपेक्षेप्रमाणे नाही.

‘संगाथ’च्या संशोधकांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रयोगांत समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, तर या कामाचे शिक्षण दिलेली साधी माणसे होती. रोग्यांचे चिठ्ठीप्रमाणे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या उपचारांची सुधारलेली सोय मिळाली, दुसऱ्याला त्यासोबत समुपदेशनही मिळाले.

पहिला प्रयोग अपायकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झाला. जास्तीत जास्त चार बैठका देण्यात आल्या. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. गेल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. चार बैठकांनी एवढा फरक पडावा ही मोठी आशेची गोष्ट आहे. परंतु बायकोला होणाऱ्या मारहाणीच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही.

दुसरा प्रयोग तीव्र उदासीनतेच्या ४९५ रोग्यांवर झाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सहा ते आठ बैठकांत त्यांना रोजच्या जीवनातील लहान लहान कामे पुन्हा हाती घेण्यास, माणसांत मिसळण्यास व अडचणीतून वाट काढण्यास मदत करण्यात आली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. आणि या प्रयोगात, समुपदेशन मिळालेल्या गटातील स्त्रियांनी नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार दुसऱ्या गटापेक्षा बरीच कमी प्रमाणात सांगितली.

या दोन निष्कर्षांचा अर्थ लावताना फार जपले पाहिजे. दोन्ही प्रयोग मुख्यतः मारहाण मोजण्यासाठी आखलेले नव्हते. दारू सोडविणे व्यर्थ आहे असा याचा अर्थ नव्हे. ती सोडवावीच, तिच्यामुळे घर बुडते व आयुष्य तुटते. त्याचप्रमाणे उदास स्त्री स्वतःच मार ओढवून घेते, असाही अर्थ कोणी काढू नये. तो अन्याय होईल. एवढे मात्र शिकावे की दारू सुटली म्हणजे हात आपोआप आवरतो, हे गृहीत धरता येत नाही. बायको ही आपल्या ताब्यातील वस्तू आहे ही समजूत बाटलीतून येत नाही. ती लहानपणी घरात पाहून येते. पिऊन मारणारे पुष्कळ आहेत, तसे न पिता मारणारेही आहेत. आणि पिऊनही अधिकाऱ्यावर हात न टाकणारा माणूस घरी येऊन बायकोवर टाकतो, याचा विचार करावा.

आपल्या मंडळ्यांतून अमक्याने दारू सोडली अशी साक्ष ऐकली की आपण आनंद करतो, आणि त्या घराचा प्रश्न सुटला असे धरून चालतो. त्या माणसाच्या पत्नीला एकटीला कोणी काही विचारीत नाही. गोव्याच्या या संशोधनाने आपल्याला दिलेली ही सूचना आहे : उपाय केल्यावर पुन्हा मोजावे, आणि ज्याला जखम झाली त्यालाच विचारून मोजावे.

६. रुग्णालयातील एक कठडा

मुंबईत वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ नावाचे केंद्र सुरू झाले. ‘सेहत’ ही संशोधन संस्था व महापालिका यांनी ते मिळून उभारले. हिंसेने पीडित स्त्रियांसाठी सरकारी रुग्णालयातच चालणारे असे हे देशातील पहिले केंद्र समजले जाते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते नेण्यात आले.

त्यामागचा विचार साधा आहे. मार खाल्लेली स्त्री पोलीस चौकीवर जात नाही, वकिलाकडे जात नाही, पण दवाखान्यात केव्हातरी जातेच. मग मदत तेथेच का असू नये? परिचारिका व डॉक्टर यांना लक्षणे ओळखण्यास शिकविले जाते. सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, पुनःपुन्हा होणारे ‘अपघात’, चुकून प्यायलेले विष, अशा वेळी तिला बाजूला नेऊन विचारले जाते व केंद्रात पाठविले जाते. तेथे तिचे ऐकून घेतात, तिच्या सुरक्षिततेचा विचार करतात आणि कायद्याची माहिती देतात. प्रश्न योग्य ठिकाणी, योग्य रीतीने व एकांतात विचारला तर न्हाणीत घसरलेल्या पायाची खरी हकीकत बाहेर येते.

७. मग गुन्हेगार निर्दोष ठरतो काय?

हिंसेला रोगाची उपमा दिली की पुष्कळ श्रद्धावंतांच्या मनात शंका येते. हिंसा हा जर रोग, तर मारणारा रोगी झाला, आणि रोग्याला पापी कसे म्हणावे? शंका योग्य आहे व तिचे उत्तर दिले पाहिजे.

कारण सांगणे आणि क्षमा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याने लहानपणी मार खाल्ला किंवा आईला मार खाताना पाहिले, तो मोठेपणी मारण्याची शक्यता अधिक असते, असे अभ्यासांतून दिसते. परंतु तसे बालपण गेलेले असंख्य पुरुष कोणावरही हात उगारीत नाहीत. शक्यता वाढते, सक्ती होत नाही. ज्याने हात उगारला त्याला उत्तर द्यावेच लागेल. घरगुती हिंसेपासून स्त्रियांच्या संरक्षणाचा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. संरक्षण अधिकाऱ्याची मदत, राहत्या घरात राहण्याचा हक्क व दंडाधिकाऱ्याचा संरक्षण आदेश त्यात आहे. सार्वजनिक आरोग्याचा विचार या कायद्याची जागा घेत नाही. कायदा घडलेल्या गोष्टीचा न्याय करतो, आरोग्याचा विचार उद्याची घटना टाळू पाहतो.

लूकातील दृष्टांतात शोमरोनी मनुष्याने जखमा बांधल्या, खर्च केला, अधिक खर्च झाला तर तो परत येताना भरून देण्याचे वचनही दिले. त्याचे काम पूर्ण झाले. परंतु यरीहोच्या त्याच रस्त्यावर दर आठवड्याला माणसे लुटली जात असतील, तर यरुशलेमेच्या व यरीहोच्या वडिलांनी काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि अनुवादातील मोजपट्टी घेतलेले वडील त्याचे उत्तर देतात.

८. मंडळीने काय करावे?

आपल्या लहान मंडळ्यांना मोठी संशोधने करता येणार नाहीत. पण संशोधनाने सांगितलेल्या पुढील गोष्टी येतील.

पहिली, एकांतात ऐकणे. पाळक किंवा महिला मंडळाच्या प्रमुख भगिनी यांनी नवराबायकोला एकत्र बसवून, “हा तुला मारतो काय?” असे विचारू नये. त्याच्यासमोर ती नाही म्हणेल, किंवा हो म्हणून घरी गेल्यावर त्याची किंमत मोजील. समेट घडविण्याची घाई ही पुष्कळदा तिच्या जिवावर बेतते.

दुसरी, ऐकलेले गुप्त ठेवणे. प्रार्थनेचा विषय म्हणूनही ते सभेत मांडू नये. नाव न घेतले तरी लहान मंडळीत नाव सर्वांना कळते.

तिसरी, पुढचा रस्ता माहीत असणे. स्त्रियांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२, आणि मनाच्या आजारासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक प्रत्येक शिक्षकाने पाठ ठेवावेत. म्हापशाला शुक्रवारचा बाजार भरतो. त्या दिवशी खेड्यातील स्त्री एकटी घराबाहेर पडली तर कोणी संशय घेत नाही. तिला दवाखान्यात किंवा सल्ल्यासाठी सोबत द्यायची असेल तर हा दिवस ध्यानात ठेवावा.

चौथी, मुलांच्या बाबतीत सावधपणा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. येथे गुप्ततेचे कारण चालत नाही. तसेच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास मनाई केली आहे. रविवारच्या शाळेत याहून खालची रीत असू नये. छडी खाऊन शिकलेले मूल पाठ विसरते, पण मोठ्याने लहानाला मारायचे असते हे विसरत नाही.

पाचवी, आपली भाषा तपासणे. “संसारात एवढे चालायचेच,” “बाईच्या जातीने सोसावे,” ही वाक्ये आपल्या घरांत व मंडळींत उच्चारली जातात. कार्डिफच्या डॉक्टरांनी काचेचे पेले हेरले, प्लेगच्या शोधकांनी पिसू हेरली. आपण ही वाक्ये हेरावीत.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ मुलांच्या वर्गात जसाच्या तसा घेऊ नये. मुलांबरोबर कठड्याचा उतारा घ्यावा, आपल्या शाळेत, रस्त्यावर, विहिरीपाशी कोणते कठडे हवेत असे विचारावे, आणि कोणी मारले तर किंवा नको तसा स्पर्श केला तर कोणाला सांगायचे, हे प्रत्येक मुलाकडून म्हणवून घ्यावे. प्रौढांच्या वर्गात कोणालाही स्वतःचा अनुभव सांगण्याचा आग्रह करू नये. वर्गानंतर शिक्षिकेने थोडा वेळ थांबावे. बोलायचे असेल ती थांबेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद २१ मध्ये खुनी सापडला नसताना नगराच्या वडिलांना का बोलाविले आहे?
२. आपल्या भागात हिंसेचे कारण म्हणून कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात? त्यांपैकी कोणत्या मोजून पाहिल्या आहेत आणि कोणते केवळ अंदाज आहेत?
३. दारू कमी झाली तरी मारहाणीत फरक दिसला नाही, या निष्कर्षावरून मंडळीच्या व्यसनमुक्तीच्या कामात कोणती भर घालावी?
४. कारण समजून घेणे आणि दोष माफ करणे यांतील फरक एखाद्या उदाहरणाने सांगा.
५. आपल्या मंडळीतील एखादीला मदत हवी असेल, तर ती आज कोणाकडे जाईल? ती त्यांच्याकडे एकटी जाऊ शकेल काय? वर्ग सुटण्यापूर्वी याचे उत्तर ठरवा.